गेली, दिसली

मी यांचं नाव आयुष्यात एकदाच घेतलं, लग्नातल्या उखाण्यात, तेही बायकांनी दार अडवून धरलं म्हणून. आता लिहायला बसले तरी हात पुढे जात नाही. तेव्हा इथेही 'हे' आणि 'यांनी' असंच येईल, वाचणाऱ्याने समजून घ्यावं. नावाचं काय मेलं एवढं! मला यांचा आवाज आठवतो, आणि त्या आवाजातले दोन शब्द. एक 'गेली', दुसरा 'दिसली'.

गेली म्हणजे ताटली गेली. तामचिनीची पांढरी ताटली होती, मधोमध भोक पाडलेलं, भोकातून दोर ओवलेला, खाली शिशाचं वजन. दर सोमवारी दुपारी बाराला हे ती नावेतून तलावात सोडायचे. दोराला फुटाफुटावर पांढरं सूत गुंडाळलेलं, दर पाचव्या फुटाला लाल. ताटली खाली जाता जाता हिरवट व्हायची, मग निळसर, आणि मग दिसेनाशी. तेव्हा हे म्हणायचे, "गेली." दोर किती फूट गेला ते मी लिहायचे. मग हळूहळू वर ओढायचे. परत काही पांढरं दिसलं की म्हणायचे, "दिसली." तोही आकडा लिहायचा. दोन्हींची बेरीज करून निम्मे केले की त्या आठवड्याचा आकडा. आकडा मोठा तर पाणी नितळ, लहान तर गढूळ. पाण्याची ऊनथंडी बघायची आणि एक बाटली भरून घ्यायची, ते वेगळं. झालं, संपलं काम.

एवढ्यासाठी संस्थानाने आम्हाला टेकड्यांमध्ये दोन खोल्यांची बंगली दिली होती, एक नाव आणि एक नाववाला दिला होता. लश्करला, म्हणजे ग्वाल्हेर शहराला, नळाने पाणी जायचं ते ह्याच तलावाचं. तलाव खोल, तिन्ही बाजूंनी टेकड्या, आणि पावसाळा सोडला तर पाणी असं की काठावरून मासे मोजावेत. यांचं म्हणणं असं की एका दिवसाच्या आकड्याला काडीची किंमत नाही, वीस वर्षं न चुकता लिहिलं तरच पाणी काय म्हणतंय ते कळतं. म्हणून सोमवार चुकवायचा नाही. ताप असो, पाऊस असो, दसरा-दिवाळी असो. लग्न होऊन मी तिथे गेले तेव्हा वहीला सहा वर्षं झाली होती आणि एकही सोमवार कोरा नव्हता. हे मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. दुसरा नवरा असता तर पहिल्या दिवशी काही वेगळं बोलला असता.

मी लश्करच्या खासगी बाजारातली. माझे वडील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायचे, अर्जनवीस म्हणायचे त्यांना. घरात मराठी, पायरी उतरलं की हिंदी, त्यामुळे माझी भाषा पहिल्यापासून सरमिसळ. हे सातारकडचे, नोकरीसाठी चुलत्याबरोबर ग्वाल्हेरला आलेले. माझ्या मराठीला यांनी जन्मभर हसून घेतलं. मी म्हणायचे, "स्वयंपाक करून राहिले आहे." हे म्हणायचे, "राहिली आहेस तर राहा, पण वाढणार कधी?" मी चिडायचे. पण हिंदीत माझी पाळी असायची. एकदा पाणीखात्यातला एक कारकून यांना म्हणाला, लड़कियों को भी शिक्षा देनी चाहिए. हे घरी येऊन संतापले, "मुलींनी काय केलंय म्हणून शिक्षा? काय माणूस आहे!" मी पदर तोंडात कोंबून हसले. अहो, त्यांच्यात शिक्षा म्हणजे शिकवणं, असं सांगितलं तर म्हणाले, मग तसं सरळ बोलावं की! यांची हिंदी म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तलावावर बोलायचं तरी कोणाशी होतं? नाववाला दिवसात चार शब्द बोलायचा, त्यातले दोन बिडीबद्दल.

पहिल्या पावसाळ्यात ओल्या हातांनी लिहून यांनी वहीची दोन पानं फिसकटली. माझ्या हाताला वडिलांचं वळण होतं, तेव्हा मीच म्हटलं, मी लिहिते. त्या दिवसापासून दर सोमवारी मी नावेत. मांडीवर वही, एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हातात काळी छत्री. पाण्यावर चकाकी आली की ताटली नीट दिसत नाही, म्हणून यांच्या डोक्यावर छत्री धरायची. हे नावेच्या कडेवर ओणवे होऊन नाक पाण्याला लागेल इतके वाकायचे. खरं सांगायचं तर पहिली दोन-तीन वर्षं मला ते आवडायचं. हे "गेली" म्हणाले की मी मुद्दाम म्हणायचे, "कुठे, माहेरी?" नाववाल्याला मराठी यायचं नाही, तरी तोसुद्धा हसायचा.

मग माझी आई गेली.

तो सोमवारच होता. सकाळी दहाच्या सुमाराला लश्करहून सायकलवर निरोप आला की आईचं जास्त आहे, लगेच निघा. टांगा खालच्या गावातून मागवावा लागे, तो अकराला दारात आला. मी बोचकं घेऊन तयार. हे घड्याळ बघून म्हणाले, "बारा वाजू देत. अर्ध्या तासाचं काम आहे, करू आणि निघू."

मी त्यांच्याकडे बघितलं. वाटलं, आता म्हणतील, तू हो पुढे. ते म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणाले नाही की मी एकटी जाते. आमच्यात तशी बाई एकटी टांग्यात बसत नव्हती. मी बोचकं ठेवलं आणि छत्री घेतली. नावेत बसून आकडा लिहिला, अक्षर जरासुद्धा हललं नाही. अर्ध्या तासाचं काम म्हणता म्हणता निघायला दोन वाजले, लश्करला पोचलो तेव्हा संध्याकाळ झालेली. आई तीनला गेली होती, तिला घेऊनही गेले होते. जिथे ठेवलं होतं तिथे पीठ पसरून दिवा लावला होता. मोठी बहीण म्हणाली, तीनपर्यंत तुझंच नाव घेत होती.

अकराला निघालो असतो तर दोनला पोचलो असतो. हा हिशेब मी तिथेच, त्या दिव्यासमोर केला. आणि मग मला काही म्हणता काही वाटेना. बायका गळ्यात पडून रडत होत्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. लोकांना वाटलं, धीराची आहे. धीर कसला! पाय मुंगी येऊन बधिर होतो, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं आतून झालं होतं. पायातली मुंगी निदान उतरते.

हे यथासांग सगळं करून तेराव्यानंतर मला परत घेऊन आले. मधला सोमवार एकट्याने जाऊन उरकून आले होते, तेही मला कळलं. रोजचं सगळं करत होते. भाकरी फुगायची, दूध उतू जायचं नाही, सोमवारी नावेत बसायचे. माहेरी वगैरे चेष्टा बंद झाली. यांनी एकदाही विचारलं नाही की का बंद झाली. लोक माणसांना पाण्यात पाहतात, मी त्या पाण्यालाच पाण्यात पाहत होते. एवढं एकच मला तेव्हा वाटायचं, आणि तेही फार जोरात नाही.

दोन-तीन हिवाळे गेले. एका सोमवारी हे म्हणाले, "गेली," आणि मी सहज खाली पाहिलं. ताटली दिसत होती. अंधुकशी नव्हे, पोळपाटाएवढी सरळ दिसत होती. मी त्यांनी सांगितला तोच आकडा लिहिला. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. हिवाळ्यात एरवी वीस-एकवीस फूट असायचा तो आकडा पंधरावर आला. हे बेचैन झाले. तिसऱ्या सोमवारी मान वर करून म्हणाले, "अगं, तू बघ बरं. तुला दिसतेय का?"

मी वाकून बघितलं. दिसत होती.

"नाही," मी म्हटलं.

का म्हटलं? ह्याचं उत्तर मी पुष्कळ वर्षं शोधलं. वाईट व्हावं म्हणून नव्हे. आकडा बिघडला तर हे त्या तलावावरून उठतील, आपण लश्करला जाऊ, असं मनात स्पष्ट होतं असंही नाही. तोंडातून 'नाही' गेलं, एवढंच. आणि एकदा गेल्यावर मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. मोतीबिंदू मला कळत नव्हता असं नाही, आमच्या आजोबांना झालेला मी पाहिला होता. हे सुईत दोरा ओवायला मला हाक मारायला लागले होते, दिव्याभोवती कडं दिसतं म्हणायचे. सगळं मला दिसत होतं.

तीन वर्षांत आकडा अकरावर आला. यांनी खात्याला पत्रांवर पत्रं घातली. तलाव गढूळ होतोय, टेकड्यांवर गुरं चरतात, त्यांच्या पायांनी माती सुटून पाण्यात येते, तेव्हा चराई बंद करा. खात्याने चराई बंद केली. मग त्या दोन गावांनी आरडाओरडा केला, आणि एका दुपारी मोटारीतून साहेब आला.

साहेब नवा होता, लखनौकडचा. फार अदबीचा माणूस. यांना पंडितजी म्हणायचा. मी दाराआड चहा घेऊन उभी होते. त्याने सांगितलं की आपण पाठवलेल्या बाटल्या शहरात तपासल्या, त्यांत गाळ निघत नाही. गावकरी म्हणतात पाणी होतं तसंच आहे. यांनी वही पुढे केली. "सोळा वर्षं लिहितोय, साहब. एक सोमवार नाही चुका." साहेबाने वही बघितली, कौतुक केलं, अगदी मनापासून केलं. मग म्हणाला, "पंडितजी, झगड़ा किस बात का? एक राज़ीनामा लिख दीजिए, मैं साथ लेता जाऊँ। मामला ख़त्म।"

हे वही मिटून उठले.

आता राजीनामा हा शब्द. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण माझे वडील आयुष्यभर कचेरीबाहेर राजीनामे लिहीत होते. दोन भाऊ विहिरीवरून भांडले, मग समजुतीने मिटवलं, तर दोघं राजी आहेत असा कागद, तो त्या लोकांचा राजीनामा. नोकरी सोडण्याला ते इस्तीफा म्हणतात. साहेबाला एवढंच हवं होतं की गावकऱ्यांशी समेट करा, आणखी कोणाला तरी बरोबर घेऊन आकडे पुन्हा तपासा, दोन ओळी लिहून द्या. हे मला दाराआडून, कपात चहा ओतता ओतता कळलं.

हे आत आले. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "दौत दे."

मी दौत दिली.

एवढा वेळ होता माझ्याकडे. दौत फडताळातून काढून, झाकण उघडून हातात देईपर्यंतचा. 'अहो, तसं नाही म्हणत ते' असं म्हटलं असतं की झालं होतं. शिक्षेचा अर्थ हसून सांगणारी मीच की नाही? यांनी मोडीत चार ओळी लिहिल्या. यांचं मोडी वळणदार, कागदावरून हात न उचलता लिहायचे. साहेबाला मोडी वाचता येत नव्हतं. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला, यांचा हात हातात घेतला, म्हणाला, अब सब ठीक हो जाएगा. मोटार गेली. हे कितीतरी वेळ ओसरीत उभे होते. मग मला म्हणाले, "बांधाबांध कर."

मला आनंद झाला का? नाही झाला. वाईटही वाटलं नाही. मी भांडी उतरवायला घेतली.

आठ-दहा दिवसांत मंजुरीचा हुकूम आला. तिकडे कोणा मराठी कारकुनाने मोडी वाचलं असणार आणि रीतसर पुढे सरकवलं असणार. आम्ही लश्करला आलो, माझ्या माहेरापासून चार घरं सोडून भाड्याच्या दोन खोल्यांत. तलावावरच्या वह्या खात्यात जमा झाल्या, पण यांनी स्वतःसाठी एक नक्कल ठेवली होती, ती बरोबर आली.

आणि मग साहेबाचं पत्र आलं. हिंदीत होतं. यांना तोवर छापील अक्षरसुद्धा दिसेनासं झालं होतं. "वाच," म्हणाले. मी आधी मनात वाचलं. लिहिलं होतं की पंडितजी, मी राज़ीनामा मागितला होता, तुम्ही इस्तीफ़ा लिहून दिलात, ते मला हुकूम निघाल्यावर समजलं, मला फार वाईट वाटतंय. तुमच्या जागी अजून पक्का माणूस नेमलेला नाही. महिनाअखेरपर्यंत दोन ओळी लिहून कळवा, बाकी मी बघतो.

"काय म्हणतो?" यांनी विचारलं.

"तब्येत विचारलीय," मी म्हटलं. "आणि काम फार चांगलं होतं म्हणतात."

"एवढंच?"

"एवढंच."

"बरा माणूस," हे म्हणाले. "माझ्याकडून राजीनामा मागताना त्यालाही जड गेलं असेल."

पत्र मी जाळलं नाही. आमच्या वडिलांची शिकवण, लिहिलेला कागद कधी जाळू नये. यांच्या वहीत, अगदी शेवटच्या पानांत घालून ठेवलं, कारण घरात तेवढी एकच जागा होती जिथे कोणी वाचायला जाणार नव्हतं. महिनाअखेर आली आणि गेली. मी त्या दिवशी पापड लाटले.

काही महिन्यांनी जुना नाववाला बाजारात भेटला, घरी येऊन बसला. यांनी पहिला प्रश्न विचारला, आकडा किती? तो म्हणाला, नये बाबू को तो बीस पे भी दिखती है. तो गेल्यावर बोटांनी डोळे चाचपत म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं मी उगाच त्या पाण्याला नावं ठेवली. गावाची गुरं उपाशी ठेवली." मग म्हणाले, "शेवटची तीन वर्षं वहीतून काढून टाकायला हवीत. खोटी आहेत." मला वाटलं आता विचारतील, तुला दिसत होती का गं? विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, मला आजही माहीत नाही. ते दर सोमवारी बाराला वही मांडीवर घेऊन बसायचे, नुसते सुरुवातीच्या पानांवरून हात फिरवत. मी समोर बसून भाजी निवडायचे. अशी चार वर्षं गेली. चार वर्षं म्हणजे किती सोमवार होतात ते मोजलं नाही.

मग डोळ्यांचा एक डॉक्टर आला, त्याचा हात चांगला म्हणून ख्याती झाली. यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. कित्येक दिवस डोक्याशी वाळूच्या पिशव्या लावून हलायचं नाही, डोळ्यावर पट्टी. मी चमच्याने भरवत होते. पट्टी निघाली, नंतर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आला. चष्मा लावून यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "केस पांढरे झाले की गं तुझे." मला हसू आलं. कितीतरी वर्षांनी आलं. आत कुठेतरी काही हललं असं वाटलं, आणि त्या हसण्यात मी वहीचं साफ विसरले. अगदी साफ.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताक घुसळत होते. हे ओसरीत उजेडाला वही घेऊन बसले. शेवटच्या तीन वर्षांवर रेघ मारायची होती त्यांना, पेन्सिल शेजारी ठेवलेली. पानं उलटल्याचा आवाज येत होता, मग येईनासा झाला. मी मान वर केली. यांच्या हातात साहेबाचं पत्र होतं.

हिंदी यांना बोलता यायची नाही, पण अक्षरं तर तीच. बोट ठेवून एकेक शब्द वाचत होते, ओठ हलत होते. एका जागी बोट थांबलं. परत मागे गेलं, परत त्याच जागी आलं. राज़ीनामा, इस्तीफ़ा. मग खाली सरकलं, महिनाअखेरपर्यंत. तिथे कितीतरी वेळ थांबलं.

माझ्या हातातली रवी थांबली होती. वाटलं ओरडतील. ओरडायला हवं होतं त्यांनी, देवाशप्पथ, मला ते हवं होतं. मी म्हणणार होते की तुम्ही अकराला निघाला नाहीत. हे वाक्य मी इतकी वर्षं तयार ठेवलं होतं. पण त्यांनी वर बघितलं आणि त्या जाड काचेतून यांचा डोळा इतका मोठा दिसला की मला ते बोलता येईना.

त्यांनी पत्राची घडी घातली, होती तशीच, त्याच दुमडीवर. वहीत ठेवलं. रेघ मारलीच नाही. आणि नावेत बोलायचे त्याच आवाजात, चढा नाही, उतरा नाही, म्हणाले,

"दिसली."

माझा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला.